स्कॅनर सारखा डिस्कनेक्ट का होतो?

स्कॅनर आणि संगणक यांच्यात एकच केबल असते आणि तिच्या पोटात चार तारा. लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी माहिती. चारांपैकी एकीचाही संपर्क पापणी लवेपर्यंत सुटला, की संगणकाच्या लेखी स्कॅनर उपटून काढलेला असतो. मग विंडोज उतरत्या सुरात ‘टिंग-टुंग’ वाजवते आणि संपर्क परत जुळला की तेच चढत्या सुरात. हे दोन आवाज दिवसभर आळीपाळीने ऐकू येऊ लागले, की सेवा केंद्रातला मुलगा आधी केबल हलवून बघतो, मग संगणक रिस्टार्ट मारतो आणि तिसऱ्या दिवशी स्कॅनर गेला असे जाहीर करतो. बहुतेक वेळा स्कॅनर गेलेला नसतो. त्याच्यापर्यंत वीज धड पोचत नसते.

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी हा बिघाड किरकोळ नाही. राज्यात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे सगळे आता ‘आपले सरकार’ पोर्टलवरून निघते आणि अर्जाला जोडायचा प्रत्येक कागद आधी स्कॅनरच्या काचेवर पडावा लागतो. जून-जुलैत शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि खरिपाचा पीकविमा एकाच वेळी येतात. सास्तूर, जेवळी, माकणीहून आलेला माणूस त्या दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभा असतो. या तालुक्यात आणखी एक कागद काचेवर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने सास्तूरचा परिसर जमीनदोस्त झाला. सरकारी नोकरभरतीत भूकंपग्रस्तांसाठी २ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्याचा दाखला काढायचा तर घरातले जुने कागद पुढे करावे लागतात. तीस वर्षे ट्रंकेत घडी घालून ठेवलेला कागद घडीवरच फाटत आलेला असतो. तो काचेवर एकदा पसरावा. निम्म्यात स्कॅन तुटला म्हणून पाच वेळा उचलून ठेवण्याजोगा तो नसतो.

यूएसबी म्हणजे युनिव्हर्सल सिरियल बस. तिचे पहिले मानक १९९६ साली आले. बडोद्यात शिकलेले अजय भट्ट हे इंटेलमधले अभियंते त्या कामात आघाडीवर होते. त्याआधी प्रिंटरचे तोंड वेगळे, माउसचे वेगळे, मोडेमचे आणखी वेगळे. एकाच तोंडात काहीही खुपसा आणि संगणक बंद न करता खुपसा, असे यूएसबीचे आश्वासन होते. त्याची जाहीर फजिती स्कॅनरनेच केली. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. सहकाऱ्याने यूएसबी स्कॅनर जोडला आणि भरल्या सभागृहात पडदा निळा पडला. म्हणूनच ही अजून बाजारात आणलेली नाही, असे म्हणत गेट्स यांनी हसून वेळ मारून नेली. तेव्हा दोष सॉफ्टवेअरचा होता. काही झाले की ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकण्याची सवय त्याच काळातली. दोष मात्र मधल्या वर्षांत तारेत आणि विजेत जाऊन बसला आहे.

म्हणून कशालाही हात घालण्याआधी तो ‘टिंग-टुंग’ नेमका कधी वाजतो, हे दोन दिवस एका वहीत लिहून ठेवावे. स्कॅनचे बटण दाबल्यावर, आतली दिव्याची पट्टी सरकायला लागतानाच वाजला, तर वीज कमी पडते आहे. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या स्कॅनला वाजला, तर विंडोजने स्कॅनरला झोपवले होते. टेबलाला धक्का लागल्यावर किंवा कागद ठेवताना झाकण आपटल्यावर वाजला, तर केबल किंवा तिचे तोंड. शेजारचा पंखा, झेरॉक्स मशीन किंवा लॅमिनेशनचे यंत्र सुरू होताना वाजला, तर दोष भिंतीतल्या वायरिंगकडे शोधावा. एवढ्या टिपणावरून अर्धे निदान होते. हे टिपण न करता एकाच दमात केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर असे तिन्ही बदलले, तर स्कॅनर चालू होतो खरा, पण कशाने झाला ते कळत नाही आणि आठ दिवसांनी पुन्हा पहिले पाढे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

विजेची गोष्ट सविस्तर पाहण्याजोगी आहे, कारण सेवा केंद्रांतले बरेचसे पातळ, वहीसारखे स्कॅनर स्वतःचा अडॅप्टर बाळगत नाहीत. दिवा, मोटर आणि आतली चिप अशा तिघांसाठीही ते यूएसबीमधूनच वीज घेतात. यूएसबी २.० चे पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देते, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टची मर्यादा ९०० मिलिअँपिअर आहे. स्कॅनर नुसता बसलेला असतो तेव्हा थोडक्यात भागते. पट्टी सरकायला लागली, की मोटर आणि दिवा एकदम ओढतात आणि तंगी त्याच क्षणी होते.

आता केबलचा हिशेब. स्वस्त केबलमध्ये विजेच्या तारा बहुधा २८ गेजच्या, म्हणजे केसासारख्या बारीक असतात. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. टेबलाखालून फिरवायची म्हणून ३ मीटरची केबल घेतली, तर वीज जाण्या-येण्याची तार मिळून ६ मीटर होते आणि रोध जवळपास १.३ ओहम. त्यातून अर्धा अँपिअर गेला, की ०.६४ व्होल्ट वाटेतच जिरतात. संगणकातून निघालेले ५ व्होल्ट स्कॅनरपाशी ४.३६ होऊन पोचतात. साधारण ४.४ च्या खाली गेले, की स्कॅनरच्या चिपचा भरवसा राहत नाही. ती स्वतःला रिसेट करते, मोटर थांबते, ओढ कमी होते, व्होल्टेज परत चढते, स्कॅनर पुन्हा ‘आला’ म्हणून कळवतो आणि पुढच्या स्कॅनला तेच. शेताच्या टोकाला लांब केबलवर मोटर चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तारेत व्होल्टेज पडले, की मोटर गुरगुरते पण उठत नाही. तीच केबल २४ गेजच्या तारांची असेल तर तूट पाव व्होल्टवर येते. जाड तारेच्या केबलवर बाहेरच ‘२४ एडब्ल्यूजी’ असे छापलेले असते. केबल विकत घेताना रंग न पाहता ही अक्षरे शोधावीत. त्याहून सोपे म्हणजे दीड मीटरच्या आतली केबल घेणे आणि स्कॅनर संगणकाजवळ सरकवणे. यूएसबी २.० ची केबल माहितीच्या दृष्टीने ५ मीटरपर्यंत चालते. वीजही तिच्यातूनच ओढायची असेल, तर ती मर्यादा कागदावरच राहते. एक्स्टेन्शन केबल तर टाळावीच. तिने लांबी वाढते आणि मधे आणखी एक जोड येतो.

याच हिशेबाने चार तोंडांचा स्वस्त हब हा मोठा अपराधी ठरतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबला संगणकाकडून मिळतात तेच ५०० मिलिअँपिअर. मानकानुसार तो प्रत्येक तोंडाला १०० च देऊ शकतो. सेवा केंद्राच्या टेबलावर त्याच हबला बोटाचा ठसा घेणारे यंत्र, वेबकॅम, माउस आणि वर स्कॅनर लटकलेला असतो. कोणाला काय मिळत असेल ते उघड आहे. स्कॅनर नेहमी थेट संगणकाला जोडावा, तोही मागच्या बाजूला. मागची पोर्ट मदरबोर्डलाच झाळलेली असतात. पुढची पोर्ट कॅबिनेटच्या आतून एका पातळ तारेने मदरबोर्डपर्यंत जातात, म्हणजे पुन्हा लांबी, पुन्हा जोड. पुढचे पोर्ट सोयीचे म्हणून त्यात पेन ड्राइव्ह दिवसातून दहा वेळा खुपसला जातो आणि ते सैल झालेले असते ते निराळेच. तोंडे पुरत नसतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा आणि त्याला माउस-वेबकॅम द्यावेत.

अंदाजावर विसंबायचे नसेल तर बोटाएवढे यूएसबी मीटर मिळते. ते पोर्ट आणि केबल यांच्यामध्ये लावले, की व्होल्ट आणि अँपिअर दाखवते. नुसत्या बसलेल्या स्कॅनरला ५.०५ आणि पट्टी सरकताना ४.६ दिसले, तर पोर्टच दमलेले आहे. केबल बदलून त्याला शक्ती येणार नाही. पोर्टपाशी आकडा ठाम असूनही स्कॅनर सुटत असेल, तर तूट पुढे केबलमध्ये आहे, कारण हे मीटर केबलच्या अलीकडचे मोजते, पलीकडचे नाही. एवढी खूणगाठ बांधली नाही तर मीटर फसवते. स्कॅनरला स्वतःचा अडॅप्टर असेल, तर ही सगळी शंका आधी त्या अडॅप्टरवर घ्यावी. अडॅप्टर म्हातारा झाला, की लक्षणे अगदी अशीच दिसतात. बदलताना लेबलवरचे व्होल्ट तेच हवेत. १२ व्होल्टच्या जागी तोंड बसते म्हणून २४ चा अडॅप्टर लावणारेही भेटतात. त्यानंतर दुरुस्तीचा प्रश्न उरत नाही.

माहितीच्या दोन तारांचे दुखणे थोडे वेगळे दिसते. हिरव्या तारेवर स्कॅनरच्या बाजूने एका लहान रोधाने ३.३ व्होल्ट धरून ठेवलेले असतात. त्यावरूनच संगणकाला कळते की पलीकडे कोणी तरी आहे. पुढे दोघांची ओळखपाळख होते आणि ४८० मेगाबिटचा वेग ठरतो. तारेत कुठे गंज, वाक किंवा उंदराचा दात असेल, तर ही बोलणी फिसकटतात आणि स्कॅनर १२ मेगाबिटच्या जुन्या वेगावर उतरतो. वेग चाळीस पटींनी कमी! स्कॅन रांगू लागला आणि विंडोज ‘हे यंत्र याहून जलद चालू शकते’ असे सुचवू लागली, तर थोड्याच दिवसांत कनेक्शन तुटू लागेल असे धरून चालावे. ओळख पटलीच नाही तर ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ दिसतो. तोही ड्रायव्हरचा दोष समजला जातो. पण यंत्राने स्वतःचे नावच सांगितलेले नसते, मग ड्रायव्हर कोणाचा टाकणार?

तोंडांचेही आयुष्य असते. यूएसबीचे नेहमीचे मोठे तोंड १,५०० वेळा काढ-घाल सोसेल अशा हिशेबाने बनवतात. रोज संध्याकाळी स्कॅनर कपाटात ठेवण्यासाठी केबल काढली आणि सकाळी लावली, तर हा हिशेब चार-साडेचार वर्षांत संपतो. दिवसातून तीनदा काढली तर दीड वर्षात. त्यात लोहाऱ्याकडची काळ्या मातीची धूळ. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत ती टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी बसते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तोंडाच्या पत्र्यावर चिकटते. संगणक बंद करून, मऊ कोरड्या ब्रशने तोंड झाडावे. चिकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा पुरे. थिनर किंवा पेट्रोल नको, त्याने प्लास्टिक वितळते. तोंडात फुंकर मारणे ही सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट पद्धत, कारण फुंकरीबरोबर थुंकीही आत जाते.

आता भिंतीकडे. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अर्थिंगची असते. पुष्कळ जुन्या गाळ्यांत तिच्यामागे तारच नसते, किंवा तार असते पण ती ज्या खड्ड्यात जाते तो एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा पडलेला असतो. अर्थिंग नसलेल्या संगणकाच्या पत्र्याला हात लावला, की बारीक झिणझिण्या येतात. ते उगाच नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल यांच्याकडून पत्र्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह नगण्य म्हणून माणूस वाचतो, पण हाच तरंगता पत्रा यूएसबीच्या काळ्या तारेला जोडलेला असतो. प्रिंटर एका बोर्डवर, संगणक इन्व्हर्टरच्या बोर्डवर आणि दोन्हींचे अर्थिंग वेगळे किंवा एकाचे नाहीच, अशी मांडणी असली की यूएसबी केबलच त्यांच्यातला फरक मिटवायला लागते. शेजारी लॅमिनेशनचे यंत्र सुरू झाले की जो धक्का बसतो, त्यात माहितीच्या तारांवरची बोलणी कोलमडतात. उपाय महाग नाही. संगणक, स्कॅनर आणि प्रिंटर एकाच बोर्डवर आणावेत, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी सोडावे. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर घेईपर्यंत जो क्षण जातो, त्यात संगणक तगला तरी स्कॅनर सुटू शकतो. स्कॅन चालू असताना लाईट गेली आणि स्कॅनर सुटला, तर तो बिघाड म्हणून वहीत लिहू नये.

एवढे सगळे ठीक असूनही स्कॅनर थोडा वेळ स्वस्थ बसला की हरवत असेल, तर दोष विंडोजच्या काटकसरीचा. लॅपटॉपची बॅटरी वाचावी म्हणून वापरात नसलेल्या यूएसबी यंत्राला झोपवण्याची सोय तिच्यात आहे. सगळे स्कॅनर त्या झोपेतून धड उठत नाहीत. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ हे डिसेबल करावे. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर ‘वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करू द्यावे’ या अर्थाची खूण असते, ती काढावी. विजेचे बिल यामुळे वाढत नाही.

ड्रायव्हरची पाळी यानंतर. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. जुना काढून टाकावा, संगणक पुन्हा सुरू करावा, नवा टाकावा आणि तो सांगेल तेव्हाच केबल लावावी. विंडोजमधली ‘विंडोज इमेज ॲक्विझिशन’ ही सर्व्हिस चालू आहे ना, हेही पाहावे. ती बंद असेल तर स्कॅनर जोडलेला दिसतो पण स्कॅन होत नाही. ही तक्रारही लोक कनेक्शनच्याच खात्यात टाकतात. आणखी एक गंमत अशी, की पुष्कळ स्वस्त यंत्रांच्या चिपमध्ये स्वतःचा क्रमांक लिहिलेला नसतो. असे यंत्र दुसऱ्या पोर्टमध्ये लावले की विंडोज त्याला नवाच पाहुणा समजते आणि पुन्हा ड्रायव्हर बसवत राहते. स्कॅनरचे पोर्ट एकदा ठरवून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा.

बोटाचा ठसा घेणाऱ्या छोट्या स्कॅनरलाही हे सर्व लागू आहे, फक्त तिथे मधे आणखी एक जण बसलेला असतो. आधारच्या ओळखपडताळणीसाठी नोंदणीकृत यंत्रच चालते आणि संगणकात त्याची ‘आरडी सर्व्हिस’ पाठीमागे चालू असावी लागते. यंत्र क्षणभर सुटून परत आले, तरी त्या सर्व्हिसला ते पुन्हा हाताशी यायला वेळ लागतो. तेवढ्यात पडद्यावर ७२० हा आकडा येतो, म्हणजे यंत्र तयार नाही. ठसा जुळत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला बोट पुसून पुन्हा पुन्हा ठेवायला लावण्याआधी आकडा वाचावा. ७२० असेल तर दोष बोटाचा नाही.

स्कॅन करताना अकारण ताण टाकण्याची सवयही सोडायला हवी. ए-फोर कागद ६०० डीपीआयला रंगीत घेतला, तर केबलमधून शंभर मेगाबाइटच्या वर कच्ची माहिती जाते आणि पट्टी बराच वेळ सरकत राहते. तोच कागद २०० डीपीआयला ग्रे घेतला तर चारेक मेगाबाइट. पोर्टलवर फाइल काहीशे केबीतच बसवायची असते, म्हणजे सहाशेवर घेतलेले सगळे पुढे दाबून फेकूनच द्यायचे असते. डळमळीत कनेक्शनवर दहा सेकंदांत आटोपलेला स्कॅन निभावून जातो, दीड मिनिटाचा मध्येच तुटतो. भूकंपाच्या वेळचा विरलेला कागद मात्र ३०० डीपीआयला घ्यावा, म्हणजे पुसट शिक्का वाचता येईल.

शेवटी स्कॅनर खरोखर गेला का, हे ठरवायचा एकच मार्ग आहे. तोच स्कॅनर, आखूड आणि चांगल्या केबलने, दुसऱ्या संगणकाच्या मागच्या पोर्टला लावून ओळीने वीस पाने स्कॅन करावीत. वीसही पाने निघाली तर स्कॅनर ठणठणीत आहे आणि दोष पहिल्या टेबलावरच शोधायचा आहे. तिथेही सुटला, तर स्कॅनरच्या मागचे तोंड बोटाने किंचित हलवून पाहावे. ते डुलत असेल तर आतल्या बोर्डावरची झाळ सुटलेली असते. मोबाइल दुरुस्त करणारा ती पुन्हा झाळून देतो. तेवढ्यासाठी नवा स्कॅनर घ्यावा लागत नाही.